अवघड शास्त्र कोणते?

दहावीचा निकाल लागला की वैजापूर तालुक्यातल्या आमच्या गावात एकच प्रश्न विचारला जातो, "सायन्सला जाणार ना?" गुण कमी पडले तो आर्ट्सला, हा जणू नियमच! मी कला शाखेत नाव घातले तेव्हा काका हसून म्हणाले, "सोपे घेतलेस." तेव्हापासून खरे अवघड शास्त्र कोणते, हा प्रश्न माझ्या डोक्यात घर करून बसला आहे. मला सुचलेले उत्तर वाचकांपुढे ठेवतो.

अवघडपणा दोन प्रकारचा असतो. काही शास्त्रे शिकायला अवघड, तर काही शास्त्रांचा विषयच कळायला अवघड. गणित आणि पदार्थविज्ञान पहिल्या प्रकारात येतात. तेथे बुद्धीचा कस लागतो, हे मान्य. पण एकदा गणित जमले की आकाशातले गोल दिलेली वेळ पाळतात. १९८६ साली येऊन गेलेला हॅलेचा धूमकेतू २०६१ साली परत येणार, हे आज ठामपणे सांगता येते. मात्र येत्या मृगात आमच्या शिवारात कोणत्या दिवशी पाऊस पडेल, हे जानेवारीत कोणीही सांगू शकत नाही.

याचे कारण हवामानशास्त्रज्ञ कमी हुशार असतात, हे नव्हे. केंब्रिजच्या गणित परीक्षेत पहिला आलेला गिल्बर्ट वॉकर १९०४ साली भारताच्या हवामान खात्याचा प्रमुख झाला. त्याने जगभरच्या नोंदी ताडून पाहिल्या. प्रशांत महासागर आणि हिंदी महासागर यांवरील हवेचा दाब तराजूच्या पारड्यांसारखा खाली-वर होतो, हा मोठा शोध त्याला लागला. पण मोसमी पावसाचे बिनचूक भाकीत मात्र त्यालाही साधले नाही. समुद्राचे तापमान, वारे, बाष्प, डोंगर ही सारी कारणे एकमेकांत गुंतलेली असतात आणि आजच्या मोजमापातली बारीकशी चूक पंधरा दिवसांत सारा अंदाज बिघडवते.

या चुकीची किंमत कोण मोजतो? एका वर्षी चांगल्या पावसाचा अंदाज ऐकून वडिलांनी कपाशी लावली. नंतर पावसाने अशी ओढ दिली की उगवलेले कोंब करपून गेले. दुबार पेरणीच्या बियाण्यासाठी आईची पोत गहाण पडली. प्रयोगशाळेत प्रयोग फसला तर परीक्षानळी धुऊन पुन्हा सुरुवात करता येते. शेतकऱ्याचा हंगाम धुऊन पुन्हा भरता येत नाही.

दुसरी अडचण तुलनेची. २०१५ साली आपल्याच शहरातून विमान उडवून मराठवाड्यात कृत्रिम पावसाचा प्रयोग झाला. समजा, पाऊस पडला. पण फवारणी केली नसती तर तो पडलाच नसता कशावरून? ताडून पाहायला दुसरे आकाश कोठून आणायचे? पुण्याच्या हवामान संशोधकांनी २०१८ आणि २०१९ मध्ये सोलापूर परिसरात याला वाट काढली. काही ढगांवर फवारणी केली, काही मुद्दाम तसेच सोडले आणि दोहोंची तुलना केली. एका साध्या प्रश्नासाठी अडीचशेहून अधिक ढग तपासावे लागले!

भूकंपशास्त्राला तर एवढीही सोय नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली आणि हजारो माणसे झोपेतच गेली. तोवर तो भाग भूकंपाच्या दृष्टीने सुरक्षित समजला जात होता. जी घटना शेकडो वर्षांत एखाद्या वेळी आणि जमिनीखाली काही किलोमीटर खोल घडते, तिचा अभ्यास तरी किती वेळा करणार?

परंतु माझ्या मते याहूनही अवघड शास्त्र आहे, ते माणसांचे. पाऊस पडणार असे म्हटल्याने ढग आपला बेत बदलत नाहीत. माणूस मात्र भाकीत ऐकतो आणि त्याप्रमाणे वागतो. पुढच्या वर्षी कांद्याला भाव येणार, असे एखादा अर्थशास्त्रज्ञ म्हणाला की गावोगाव कांदा लागतो आणि भाव कोसळतो. भाकिताने स्वतःच भाकीत खोटे पाडले! ही पंचाईत ना खगोलशास्त्राला, ना हवामानशास्त्राला.

कोणी म्हणेल, ज्यांना उत्तर नेमके देता येत नाही, त्यांना शास्त्र तरी का म्हणावे? मला वाटते, उत्तर किती खात्रीचे आहे आणि कोठवर खरे आहे, हे प्रामाणिकपणे सांगणे हेच शास्त्राचे लक्षण. अंदाज सांगणाऱ्याने तेवढे सांगितले असते, तर वडिलांनी निम्मेच रान पेरले असते.

म्हणून कला शाखेच्या माझ्या मित्रांना सांगावेसे वाटते, आपण सोपे घेतले नाही. अर्थशास्त्राचा पेपर पाठांतरावर सुटतो, म्हणून अर्थशास्त्र सोपे ठरत नाही. गाईडे पाठ करून आपणच ते सोपे करून टाकले आहे. काका पुन्हा भेटले की मी त्यांना एवढेच विचारणार आहे, "कांद्याचा भाव पुढच्या वर्षी काय राहील, सांगता?"