रस्त्यावरची शिवी उताराने जाते

'घरी सांगून आलास का?', 'डोळे फुटले का?', 'रस्ता बापाचा आहे का?', 'लायसन कुणी दिलं तुला?' ही वाक्यं म्हणजे मराठी लोकभाषेचा अस्सल ठेवा आहे, तो जपला पाहिजे, आणि त्याला नाकं मुरडणारे सगळे कॉन्व्हेंटी शिष्ट आहेत, असं एका विद्वानांनी नुकतंच एका लेखात ठासून सांगितलं. लेख चुरचुरीत आहे. लोकांनी तो एकमेकांना हसत हसत वाचून दाखवला. म्हणूनच त्याला उत्तर द्यायला हवं. कंटाळवाणा असता तर दिलं नसतं.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. गाडी चालवणाऱ्याच्या तोंडची शिवी उत्स्फूर्त असते, म्हणून ती खरी. ती कुणाचा हुद्दा पाहत नाही, साहेबाला आणि शिपायाला सारखीच बसते, म्हणून ती समतावादी. ती दिली की राग निघून जातो आणि हाणामारी टळते, म्हणून ती उपयोगी. धावत्या गाडीवरून गोड बोलायला सवड नसते, म्हणून ती व्यवहारी. आणि रस्त्यावरचं सौजन्य ही मुळात साहेबाची रीत, आपल्या रांगड्या मातीतली नव्हे.

राग निघून जातो म्हणे. कुठे जातो? चौकात दोन स्कूटरवाले समोरासमोर आले की आधी शब्द जातो, मग स्टँड लागतो, मग कॉलर धरली जाते. आधी स्टँड लागला आणि नंतर शिवी आली, असं भांडण मी पाहिलेलं नाही. सवडीचा मुद्दा तर मोजूनच निकालात निघतो. 'घरी सांगून आलास का' याला नऊ अक्षरं लागतात आणि साइड स्टँड खाली राहिलेल्याला सावध करणाऱ्या 'दादा, स्टँड!' याला चार. नऊ अक्षरांपुरती सवड असलेल्या माणसाला चार अक्षरं जड का व्हावीत?

मला खरी चीड आली ती समतेच्या मुद्द्याची. हा शब्द इतका स्वस्त करू नये.

'घरी सांगून आलास का?' हे कुणाला विचारलं जातं, ते कोणत्याही चौकात अर्धा तास उभं राहून पाहावं. झेब्रा पट्ट्यांवरून पिशवी सांभाळत निघालेल्या म्हाताऱ्याला विचारलं जातं. दुधाच्या किटल्या लावलेल्या सायकलवाल्याला विचारलं जातं. पोराला शाळेत सोडायला निघालेल्या, जुन्या लुनावरच्या बापाला त्याच्या पोरादेखत विचारलं जातं. आता बारा चाकी डंपरने कट मारल्यावर काय होतं ते पाहा. चारचाकीवाला काच खाली करत नाही. उघडी असेल तर वर करतो. पुढे झेंडी, मागे नेत्याचा फोटो, काळ्या काचा, नंबरप्लेटवर आकड्यांतून काढलेलं 'दादा', अशी गाडी नो एन्ट्रीतून उलटी आली की सगळा चौक मुकाट्याने बाजूला होतो. त्या चालकाला कुणी विचारत नाही की बाबा, घरी सांगून आलास का. त्या क्षणी आपल्या लोकभाषेची उत्स्फूर्तता कुठे जाते? जीभ अचानक एवढी सुसंस्कृत कशी होते?

उत्तर सरळ आहे. ती उत्स्फूर्त नव्हतीच, तो हिशेब होता. पापणी लवायच्या आत गाडी चालवणारा समोरच्याला मापून घेतो: चाकं किती, कपडे कसले, वय काय, सोबत कोण, उलट बोलेल का, उतरून येईल का. पुण्यात नंबरप्लेटचा जिल्हासुद्धा पाहिला जातो. एमएच १२ असेल तर शब्द थोडा आवरतो. एमएच २४ किंवा एमएच २६ दिसलं, म्हणजे लातूर किंवा नांदेडची गाडी, की 'गावाकडून आलाय' हे आधी आणि बाकीचं नंतर. हा हिशेब पुरा झाला आणि आपण वरच्या पायरीवर आहोत असं ठरलं की मगच तोंड उघडतं. चारचाकीवाला रिक्षावाल्याला बोलतो, रिक्षावाला स्कूटरवाल्याला, स्कूटरवाला सायकलवाल्याला, आणि पायी चालणारा शेवटी रस्त्यात आडव्या बसलेल्या कुत्र्यावर ओरडतो. या उतरंडीला समता म्हणणाऱ्याने कधी पायी रस्ता ओलांडून पाहिला आहे का?

यातली क्रूर गोष्ट पुढेच आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. त्यांत दुचाकीवरची साडेचव्वेचाळीस टक्क्यांच्या आसपास आणि पायी चालणारी साडेएकोणीस टक्क्यांच्या आसपास. म्हणजे मरणाऱ्यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश माणसं ह्या उतरंडीच्या खालच्या पायऱ्यांवरची. 'मरायचंय का?' हा प्रश्न ज्यांना विचारला जातो तीच माणसं खरोखर मरतात, आणि तो विचारतो तो ज्याच्या गाडीखाली ती मरू शकतात असा माणूस. ही धमकी आहे. तिला लोकभाषेचा ठेवा म्हणणं म्हणजे मेलेल्यांच्या तोंडावर भाषाशास्त्र फेकणं.

बायकांबद्दल आपल्या विद्वानांनी चकार शब्द काढलेला नाही. पुढची गाडी जरा हळू वळली की चेहरा दिसायच्या आधीच 'बाई असणार' हा निकाल लागतो आणि मागोमाग स्वयंपाकघराचा पत्ता सांगितला जातो. आणि खऱ्या शिव्या, ज्या त्यांनी लेखात टिंबं देऊन छापल्या, त्या कुणाच्या नावाने आहेत? चूक करतो पुरुष आणि उद्धार होतो त्याच्या आईचा, बहिणीचा, ज्या त्या वेळी चार मैलांवर आपापल्या कामात आहेत. पुढच्या काचेवर 'आईचा आशीर्वाद' लिहायचं आणि बाजूच्या खिडकीतून दुसऱ्याची आई काढायची, याला मी रांगडेपणा म्हणणार नाही. ह्या वाक्यांचा कोश करायचा असेल तर खुशाल करावा. पण प्रत्येक नोंदीपुढे रकाने असावेत: कोण बोललं, कोणत्या वाहनातून, कुणाला, आणि समोरच्याला उलट उत्तर देता आलं का. हे चार रकाने भरले की समतेचा सिद्धान्त पहिल्या पानावरच मोडेल.

असले युक्तिवाद मी आयुष्यभर ऐकत आलो आहे. हेल्मेटच्या वेळी हेच झालं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये हेल्मेट स्वच्छ लिहिलेलं असताना ते आमच्या शहराच्या संस्कृतीत बसत नाही, असं शहाण्या माणसांनी तावातावाने सांगितलं. डोकं फुटण्याला संस्कृतीचा आधार मिळाला. २०१५ साली महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने ट्रकमागचं 'हॉर्न ओके प्लीज' काढायला सांगितलं, तेव्हाही काही रसिक हळहळले की लोककला गेली. ट्रकवरची कमळं, मोर, लिंबू-मिरच्या, आई-वडिलांची नावं यांना कुणी हात लावला नव्हता. जायला सांगितलं होतं ते फक्त भोंगा वाजवण्याचं उघड आमंत्रण, आणि तेही पुरतं गेलं नाही; महामार्गावर आजही वाचायला मिळतं. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १९४ एफ आलं. विनाकारण किंवा सतत हॉर्न वाजवणाऱ्याला पहिल्यांदा एक हजार आणि पुन्हा सापडल्यास दोन हजार रुपये दंड त्यात आहे. ज्याला तो झाला आहे असा माणूस मला अजून भेटलेला नाही. सिग्नल हिरवा व्हायच्या आधीच मागून सुरू होणारा भोंगासुद्धा कुणाला लोकसंगीत वाटत असेल तर त्यांनी एकदा रुग्णालयाच्या खाटेवरून तो ऐकावा.

रांगडेपणा म्हणजे गावाकडचा, आणि गावाकडचा माणूस शिवीशिवाय बोलत नाही, हे गृहीतकही ह्या लेखात सुखाने बसलेलं आहे. हे शहरात बसून गावाला दिलेलं प्रशस्तिपत्र गावाचा अपमान करणारं आहे. साताऱ्या-सांगलीच्या रस्त्याला ऊसाचा ट्रॅक्टर अडला तर मागचा माणूस उतरून येतो आणि म्हणतो, 'पाव्हणं, जरा कडंला घ्या की.' कोल्हापुरात अनोळखी माणसाला 'भावा' म्हणून हाक जाते. नागपूरकडे 'भाऊ, सरका ना थोडं' एवढ्यावर काम होतं. मामा, दाजी, आबा, काका, मावशी ही नाती रस्त्यावर क्षणभरासाठी जोडली जातात आणि त्या क्षणात वाट मोकळी होते. तिथेही शिव्या आहेत, भांडणं आहेत, कोयतेसुद्धा निघतात. पण शिवी हीच तिथली रीत, हे कुणी सांगितलं?

आणि सौजन्य साहेबाकडून आलं हा शेवटचा मुद्दा. आपल्या विद्वानांनी वरंध किंवा आंबेनळी घाटातून एकदा तरी एसटीच्या पुढच्या बाकावर बसून जावं. अरुंद वळणावर दोन गाड्या समोरासमोर आल्या की उतरणारी थांबते आणि चढणारीला जाऊ देते. भरलेली गाडी चढावर पहिल्या गिअरमध्ये एकदा थांबली की पुन्हा निघताना मागे सरकते, हे दोघांनाही माहीत असतं. रस्त्याच्या नियमांच्या १९८९ च्या नियमावलीतही हे लिहिलेलं होतं, पण घाटातले चालक नियमावली वाचून थांबत नाहीत. जाताना चढणारा चालक हात वर करतो, उतरणारा डिपर देतो, झालं. पुढे मोकळा रस्ता दिसला की पुढचा ट्रकवाला मागच्याला हाताने 'जा' म्हणून खूण करतो. अंधारात ट्रक मागे घेताना क्लीनर ओरडत असतो, 'येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बास!' आणि त्या आवाजावर विसंबून चालक मागचं न बघता दहा टन माल दरीच्या कडेशी आणतो. एवढा विश्वास ज्या बोलण्यावर टाकला जातो ते बोलणं ह्या लेखात एका ओळीलाही आलेलं नाही.

म्हणून मी ज्याला ठेवा म्हणतो तो हा. 'दादा, स्टँड!' साइड स्टँड वर न करता निघालेल्या माणसाला ओळखदेख नसलेला माणूस शेजारून ओरडून सांगतो, कारण डाव्या वळणावर तो स्टँड रस्त्याला घासून माणूस पडतो. 'ताई, ओढणी!' मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निम्म्याहून कमी नाही एवढा भाग झाकायला १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमाने सांगितलं, जाळ्या बसल्या, तरी वाऱ्याने उडालेली ओढणी कधी चाकाशी जाईल सांगता येत नाही. त्या वेळी मागून आलेली ती हाकच कामाला येते. 'मागचं चाक बसलंय', 'डिकी उघडी आहे', 'दार नीट लागलं नाही', 'इंडिकेटर चालू राहिलाय' ही सगळी ह्याच घराण्यातली वाक्यं. आणि दिवसा लाइट चालू दिसला की समोरून येणारा बोटं मिटून-उघडून खूण करतो. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा कायम चालू राहील असाच बनवला जातो, तरी माणसं अजून खूण करतात. बॅटरी दुसऱ्याची, पैसे दुसऱ्याचे, आणि काळजी मात्र ह्याला! ह्या हाकेत उतरंड नाही. स्टँडची हाक कॉलेजच्या पोराला जाते तशी पोलिसालाही जाते, मजुराच्या मोपेडला जाते तशी महागड्या बुलेटलाही जाते, आणि ती मारणारा पुढच्या क्षणी वळून निघून गेलेला असतो. समता हवी असेल तर ती इथे आहे.

ही रीत आपोआप टिकेल असं मला वाटत नाही. कानात इअरफोन घालून चालवणाऱ्याला ती हाक ऐकूच जात नाही, आणि काच बंद करून एसीत बसलेल्याला ती मारता येत नाही. तरी एक गोष्ट करता येण्यासारखी आहे. शिकाऊ लायसनच्या परीक्षेत चिन्हं ओळखायला लावतात, पक्क्या लायसनला आठचा आकडा काढायला लावतात. पण मोटार ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत पहिल्या आठवड्यात नवशिक्याच्या कानावर काय पडतं? 'हॉर्न मारा, हॉर्न', 'घाला पुढे, तो थांबेल', 'ह्याला काय कळतंय, सायकलवाला आहे.' उत्स्फूर्त म्हणून मिरवली जाणारी भाषा इथे फी घेऊन शिकवली जाते. तिच्या जागी पट्ट्यांवर उभ्या असलेल्या माणसासाठी पूर्ण थांबणं, त्याला हाताने 'या' म्हणणं आणि तो पलीकडे पोचेपर्यंत हॉर्नला हात न लावणं शिकवता येईल. परीक्षेच्या दिवशी आरटीओच्या निरीक्षकाने शिकाऊ उमेदवाराला मैदानातून बाहेर काढून एका गजबजलेल्या पट्ट्यांपाशी न्यावं, आणि तिथे तो थांबला नाही तर आठ कितीही सुरेख काढलेला असला तरी त्याला लायसन देऊ नये.