बरोबरीचा संवाद

३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून ‘निसार’ उपग्रह झेपावला. त्या अग्निबाणाचा अखेरचा टप्पा स्वदेशी क्रायोजेनिक होता. १९९२ साली याच तंत्रज्ञानापायी ‘इस्रो’वर निर्बंध लादणाऱ्या अमेरिकेने आपले बहुमोल रडार त्याच्यावर सोपवावे, ही काळाची किमया! असे नाते सामर्थ्याने जुळते खरे, पण पुढचे काम संवादाचे असते.

पॅसाडेना आणि बंगळूर यांच्या घड्याळांत उन्हाळ्यात साडेबारा तासांचे अंतर. त्यात एल-बँड अमेरिकेचा, एस-बँड अहमदाबादचा. दोन्ही रडारे एकाच बारा मीटर व्यासाच्या अँटेनावर चालवायची. अंतराळात ही अँटेना अपेक्षेहून अधिक तापेल, अशी शंका येताच २०२४ मध्ये ती विशेष लेपनासाठी कॅलिफोर्नियास परत गेली. उड्डाण लांबले, पण झाकपाक झाली नाही. १९९९ मध्ये मंगळाशी पोचलेले अमेरिकी यान मात्र हरपले, कारण एक चमू पाउंडात मोजत होता, दुसरा न्यूटनमध्ये. मार्गनियंत्रकांना विसंगती जाणवली होती. ती रीतसर नोंदवलीच गेली नाही. ही सारी एकाच देशातील, एकच भाषा बोलणारी माणसे होती, हे ध्यानी घ्यावे. आपल्याकडे तर ज्येष्ठांपुढे शंका काढणे हाच उद्धटपणा मानण्याची खोड. गार्गीने भर सभेत याज्ञवल्क्यांना प्रश्न विचारले, त्या देशात!

‘निसार’ जमिनीतील ओलावाही टिपतो. बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा परिसराची कोरडवाहू सोयाबीन-कपाशीची शिवारे दर बारा दिवसांत दोनदा त्याच्या नजरेखालून जातात. ती माहिती सुबोध मराठीत तालुका कृषी कार्यालयापर्यंत पोचावी, एवढी तजवीज राज्याच्या कृषी खात्याने करावी.