बोंडअळी, डार्विन आणि आम्ही

डार्विनचे नाव निघाले की आमच्या समाजात दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. कोणी हसून म्हणतो, 'तुमचे आजोबा माकड असतील, आमचे नव्हते.' कोणी गंभीर होऊन म्हणतो, 'हा इमानावरचा हल्ला आहे.' पहिल्याला विषय समजून घ्यायचा नाही आणि दुसऱ्याला तो इतरांना समजू द्यायचा नाही. २०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळल्यावरून देशभर वाद झाला. १८०० हून अधिक वैज्ञानिक आणि शिक्षकांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. त्या वेळी आमच्यातले काही जण 'बरे झाले' म्हणाले. आमचे भांडण या 'बरे झाले'शी आहे.

हे म्हणताना आपण कोणाच्या पंगतीला बसलो आहोत, ते तरी पाहावे. जानेवारी २०१८ मध्ये आमच्याच मराठवाड्यात, औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) वैदिक संमेलनासाठी आलेले तेव्हाचे केंद्रीय शिक्षण राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना आमच्या पूर्वजांनी कधी पाहिला नाही, अभ्यासक्रम बदलला पाहिजे. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी एकत्र निवेदन काढून हे खोडून काढले. एरवी अशा मंडळींनी इतिहासाच्या पुस्तकाला हात लावला की आम्ही ओरडतो. मोगलांची पाने फाडली तर तो अन्याय आणि डार्विनची फाडली तर ते पुण्य, असे कसे? पुस्तक फाडणारा हात एकच आहे.

आणि ज्याला आम्ही 'आपला' युक्तिवाद समजतो तो तरी आपला आहे का? 'अर्धवट डोळ्याचा काय उपयोग', 'मधले दुवे कुठे आहेत' हे प्रश्न अमेरिकेतल्या कडव्या ख्रिस्ती प्रचारकांनी वर्षानुवर्षे घोळवले. तुर्कस्तानातून 'हारून याह्या' या नावाने चकचकीत पुस्तके निघाली आणि तोच माल आमच्याकडे इस्लामी म्हणून आला. आमचा स्वतःचा वारसा वेगळा आहे. नवव्या शतकात बसऱ्याच्या अल-जाहिजने 'किताब अल-हयवान' या ग्रंथात प्राण्यांची जगण्यासाठीची झटापट आणि भोवतालच्या परिस्थितीचा त्यांच्यावर होणारा परिणाम नोंदवला. १३७७ साली इब्न खल्दूनने 'मुकद्दिमा'मध्ये खनिजे, वनस्पती, प्राणी, वानर आणि माणूस अशी चढती साखळी मांडली. हे आजचे उत्क्रांतिशास्त्र नव्हे, आणि तसा दावा करून फुशारकी मारण्यातही अर्थ नाही. पण हे लोक प्रश्नाला घाबरत नव्हते, एवढे नक्की.

खुद्द डार्विनने १८५९ साली आपल्या ग्रंथाची सुरुवात माकडापासून केली नाही. त्याने पहिल्याच प्रकरणात पाळीव कबुतरे घेतली, आणि अकबराच्या दरबारात वीस हजार कबुतरे बाळगली जात याचा उल्लेख केला. कबूतरबाजी काय असते हे आमच्या मोहल्ल्यांना सांगायला नको. हवी ती जोडी लावायची, हवे ते पिल्लू राखायचे; काही पिढ्यांत जात बदलते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने १९८० च्या दशकात रानटी भेंडीशी संकर करून, निवड करत करत, केवडा रोगाला दाद न देणारी 'परभणी क्रांती' भेंडी काढली. तिथे निवड माणसाने केली. डार्विन एवढेच म्हणाला की निसर्गातही निवड होते, फक्त निवडणारा हात दिसत नाही.

पुरावा हवा असेल तर परभणी, जिंतूर, मानवत, सेलूच्या कापसात या. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. बोंडअळी मरू लागली. पण लाखो अळ्यांत एखादी अशी असते की तिला ते विष बाधत नाही. बाकीच्या मेल्या, ती उरली. तिची पिल्ले उरली. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणे मिळत असे. ते कडेने लावायचे होते, म्हणजे साधी अळीही जगेल, तिचा पतंग उरलेल्या पतंगांशी जुळेल आणि विष पचवणाऱ्यांची पैदास फोफावणार नाही. ते का लावायचे हे शेतकऱ्याला कोणी नीट समजावले नाही. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्याचा कापूस पोखरला. अळीने शेतकऱ्याचा धर्म विचारला नाही. उत्क्रांती न शिकवण्याची किंमत अशी रोकडी मोजावी लागते.

आता नीतीचा प्रश्न. 'बलवान टिकेल, दुबळा मरेल, हीच डार्विनची शिकवण; ती समाजात आली तर दयामाया संपेल,' अशी भीती घातली जाते. भीती अगदीच निराधार नाही. 'सर्वात लायक तो टिकेल' हा शब्दप्रयोग हर्बर्ट स्पेन्सरने १८६४ साली रूढ केला आणि डार्विनने तो नंतर उचलला. पुढे त्याच्या आडून वंशशुद्धीचे खूळ निघाले, आणि १९३३ साली हिटलरच्या जर्मनीत सक्तीच्या नसबंदीचा कायदा झाला. पण बोंडअळी टिकली म्हणून ती शेतकऱ्यापेक्षा श्रेष्ठ ठरली का? ती त्या विषाला पुरून उरली, एवढेच. जे टिकते ते चांगलेच असते, असे निसर्ग कुठेही सांगत नाही. चांगले काय हे माणसाला ठरवावे लागते. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला किंवा गॅरेजवर काम करणाऱ्या पोराला 'नालायक' म्हणून मोकळे होणाऱ्याला डार्विनची साक्ष काढता येणार नाही. १८७१ च्या ग्रंथात डार्विनने माणसाची सहानुभूती हीसुद्धा उत्क्रांतीतून आल्याचे मांडले आणि सारे मानववंश एकाच मुळाचे असल्याचे ठासून सांगितले.

इथेच आमची खरी अडचण आहे. साऱ्या माणसांचे मूळ आफ्रिकेत आहे हे मान्य केले की खानदानाची शेखी कुठे ठेवायची? डॉ. आंबेडकरांनी १९३६ सालीच जातीमागचा वंशशुद्धीचा दावा फेटाळला. पण तो फक्त हिंदूंनी वाचायचा, असे आम्ही परस्पर ठरवून टाकले. आम्ही 'सब एक सफ में' म्हणतो आणि सोयरिकीची वेळ आली की बागवान, कुरेशी, पिंजारी, तांबोळी, छप्परबंद वेगवेगळे मोजतो. हाडामांसात उच्चनीच नाही, असे विज्ञान सांगते. दीनही तेच सांगतो. मग विरोध नेमका कशाला आहे?

माणूस अशरफुल मख्लुकात आहे तो त्याच्या हाडामांसामुळे नव्हे, त्याच्यावर टाकलेल्या अमानतीमुळे, जबाबदारीमुळे. आदमच्या निर्मितीचा अर्थ कसा लावायचा यावर उलेमा वाद घालतात, घालोत. तो वाद मशिदीत, मदरशात, पुस्तकांत जरूर व्हावा. पण त्याचा निकाल लागेपर्यंत दहावीच्या मुलीला वर्गात अडाणी ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

राज्य मंडळाच्या २०१८ साली आलेल्या दहावीच्या विज्ञान पुस्तकात, दुसऱ्या भागाचा पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा आहे. बालभारतीची पुस्तके उर्दूतूनही निघतात. आमचे मागणे मोठे नाही. आमच्या संस्थांच्या शाळांत, मराठी असोत की उर्दू, हा धडा परीक्षेपुरता उरकू नये. शेतातली बोंडअळी दाखवून शिकवावा. जुम्याच्या तकरीरीत त्याची टिंगल करण्याआधी तो एकदा वाचावा. ज्यांना तो पटणार नाही त्यांनीही समजून घेऊन नाकारावा. आमची मुलगी उद्या डॉक्टर होईल आणि औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंशी तिची गाठ पडेल, तेव्हा तिला माकडावरचा विनोद उपयोगी पडणार नाही.