पन्नास जणांचा तळ आणि तळ्याकाठची शांतता

संपादक महोदय,


‘आपल्या शहरातील पन्नास जणांनी काश्मीर ग्रेट लेक्स ट्रेक यशस्वी केला’ अशा बातम्या दर पावसाळ्यात वर्तमानपत्रांतून कौतुकाने छापल्या जातात. सोबत बॅनर धरलेला समूहफोटो असतोच. जाणाऱ्यांच्या उत्साहाबद्दल मला आदर आहे, पण पन्नास हा आकडा कौतुकाचा नाही. या वाटेवर एका गटात बाराहून जास्त माणसे नेऊ नयेत, आणि ही मर्यादा आपल्या गिर्यारोहण संस्थांनी स्वतःहून घालून घ्यावी, असे माझे ठाम म्हणणे आहे.

सोनमर्गहून निघून विशनसर, किशनसर, गडसर, सातसर अशी तळी पाहत गंगाबल-नुंदकोलवरून नारानागला उतरणारी ही सत्तरेक किलोमीटरची वाट. माहितीपत्रकात ‘निळ्याशार तळ्याकाठी शांत मुक्काम’ लिहिलेले असते. प्रत्यक्षात पन्नास जणांचे पंचवीस तंबू, शिवाय स्वयंपाकाचा तंबू, शौचालयाचे तंबू आणि सामानाची घोडी एवढे सगळे मावेल अशी सपाट जागा मोजक्याच ठिकाणी मिळते. तिथे आधीच दोन-तीन गट उतरलेले असतात. बारा जणांना सहा तंबू पुरतात. त्यांना गर्दीपासून लांब, एखाद्या उंचवट्यामागे तळ टाकता येतो. शांत जागा हवी असेल तर ती पुण्यात किंवा नाशिकमध्ये नावनोंदणी करतानाच ठरते.

नुंदकोलच्या ओढ्यावर मी पाहिलेले सांगतो. एका मोठ्या गटाची भांडी थेट प्रवाहात घासली जात होती. भाताची शिते दगडांच्या खोबणीत साचली होती आणि साबणाचा फेस गवताच्या मुळांशी अडकून राहिला होता. थोड्याच अंतरावर, प्रवाहाच्या खालच्या अंगाला, एक बकरवाल बाई पिण्याचे पाणी भरत होती. उन्हाळ्यात मेंढ्या-बकऱ्या घेऊन वर येणाऱ्या या लोकांचे ते घर असते, आणि आपण त्यांच्या पाणवठ्यावर खरकटे सोडतो! एवढ्या उंचीवर थंडीमुळे काहीच लवकर कुजत नाही. म्हणून भांडी, आंघोळ, शौचाचा खड्डा हे सगळे पाण्यापासून निदान सत्तर पावले दूर हवे, आणि ओले टिश्यू पिशवीत भरून खाली आणायला हवेत. बारा जणांत हे पाळून घेता येते. पन्नास जणांत सूचना दिली जाते आणि विरून जाते.

गंगाबलबद्दल तर अधिकच वाईट वाटते. काश्मिरी पंडितांसाठी हे तळे पवित्र आहे. ते तिथे अस्थिविसर्जन करतात आणि भाद्रपद शुद्ध अष्टमीला, म्हणजे आपल्याकडे गौरी-गणपती असतात त्याच सुमारास, तिथे यात्रा जाते. अशा जागी स्पीकर लावून नाचणे आपल्याला शोभते का?

प्रकृतीचा प्रश्न वेगळाच. आपले कळसूबाई १,६४६ मीटर. सोनमर्गच त्याहून हजारेक मीटर उंच आहे आणि वाटेतली खिंड चार हजारांच्या वर जाते. विशनसरला एक दिवस जादा मुक्काम ठेवला, तर शरीराला उंचीची सवय होते आणि रिकाम्या पाठीने किशनसर निवांत पाहता येते. पण मोठ्या गटाचे वेळापत्रक परतीच्या तिकिटांना बांधलेले. कुणाचे डोके रात्रभर ठणकत असेल तर ते सकाळी नेत्याला कळतेच असे नाही, आणि कळले तरी पन्नास जणांना थांबवणे त्याला जमत नाही.

मोठा गट स्वस्त पडतो, विद्यार्थ्यांना परवडतो, हा आक्षेप मला मान्य आहे. त्यावर उपाय गट फोडण्याचा आहे. बारा-बारा जणांच्या तुकड्या वेगवेगळ्या तारखांना पाठवा, घोडेवाले आणि वाटाडे तेच ठेवा, तंबू आळीपाळीने वापरा. खर्च थोडा वाढेल, हे खरे. पण पंधरा ऑगस्टला जोडून येणारी सुट्टी टाळली, तर गर्दीही टळेल.

आणि आपण मर्यादा घातली नाही, तर दुसरे कुणी तरी घालतेच. उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिथल्या बुग्याळांवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला बंदी केली. बेदिनी बुग्याळावर तंबू टाकून रूपकुंडला जाण्याची सोय त्यामुळे सगळ्यांचीच गेली, नीट वागणाऱ्यांचीही. स्पीतीतल्या चंद्रतालच्या काठावरचे तंबूही हटवून काही किलोमीटर मागे न्यावे लागले.

म्हणून आपल्याला एक विनंती. यापुढे अशा मोहिमेची बातमी देताना गटात किती जण होते, तळ पाण्यापासून किती अंतरावर होता आणि कचरा कुठे नेला, हेही संस्थेला विचारा आणि छापा. पुढच्या हंगामाची नावनोंदणी सुरू होण्याआधी हे प्रश्न विचारले गेले, तर संस्थांना त्यांची उत्तरे तयार ठेवावीच लागतील.

आपला,
एक गिर्यारोहक वाचक, पुणे