विमानाचा वळसा, प्रवाशाचे गुण

पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ रोजी भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली आणि दिल्लीहून युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या एअर इंडियाच्या विमानांना लांबची वाट धरावी लागली. काही विमाने इंधन भरण्यासाठी व्हिएन्ना, कोपनहेगन येथे उतरू लागली. ही बंदी पुढे महिन्यामहिन्याने वाढत गेली. इंधनाचा वाढता खर्च, वैमानिकांच्या कामाचे तास, कंपनीचा तोटा यांवर वृत्तपत्रांतून भरपूर लिहिले गेले. नित्य विमानप्रवास करणाऱ्यांना चुटपुट लावणारा एक प्रश्न मात्र या चर्चेत मागेच राहिला. कंपनीने मार्ग बदलला, विमान बदलले, कधी तर दुसऱ्याच कंपनीच्या विमानात बसवले, तर ‘फ्रिक्वेंट फ्लायर’ खात्यात जमा व्हायच्या गुणांचे काय?

हा श्रीमंतांचा लाडिक प्रश्न आहे, असे कोणी म्हणेल. कोल्हापुरात तरी ते खरे नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल येथील फौंड्री उद्योजक वर्षातून दोन-तीनदा जर्मनीला वा अन्य देशांत जातात. इचलकरंजीचे यंत्रमागधारक यंत्रसामग्रीसाठी परदेश गाठतात. मुले अमेरिकेत स्थायिक झालेल्या निवृत्त जोडप्यांची तर राजारामपुरीपासून रुईकर कॉलनीपर्यंत वाण नाही. या साऱ्यांच्या लेखी जमलेले गुण म्हणजे एखादे फुकट तिकीट, वीस-तेवीस किलो जादा सामान किंवा म्हाताऱ्या गुडघ्यांना थोडी ऐसपैस जागा. शिवाय या योजनांत श्रेणी असतात. वर्षभरात ठरावीक गुण वा ठरावीक उड्डाणे झाली तर श्रेणी टिकते, नाहीतर खाली घसरते. वारंवार उडणाऱ्या मुंबईकराचा एक टप्पा हुकला तर तो पुढच्या आठवड्यात भरून निघतो. वर्षाला दोन-तीनदाच जाणाऱ्या कोल्हापूरकराला ती सोय नाही.

अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ साली ही पद्धत रुळवली तेव्हा हिशेब सरळ होता. जितके मैल उडाल तितके मैल खात्यात. भारतात जेट एअरवेजची ‘जेट प्रिव्हिलेज’ आणि एअर इंडियाची ‘फ्लाइंग रिटर्न्स’ याच वळणाच्या. पुढे कंपन्यांच्या लक्षात आले, की स्वस्त तिकिटावर दूर जाणाऱ्यापेक्षा महाग तिकिटावर जवळ जाणारा ग्राहक अधिक किफायतशीर असतो. मग मैलांऐवजी रुपये मोजले जाऊ लागले. एअर इंडियाने २०२४ मध्ये हा बदल केला. त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला विस्तारा तिच्यात विलीन झाली, ‘क्लब विस्तारा’चे सदस्य ‘महाराजा क्लब’मध्ये आले. २००६ पासून अशा योजनेशिवायच देशातील सर्वांत मोठी कंपनी झालेल्या इंडिगोनेही २०२४ मध्येच ‘ब्लूचिप’ योजना आणली.

मैल मोजा वा रुपये मोजा, मार्ग बदलला की हिशेब बिघडतो. बिघडण्याची रीत तेवढी निराळी.

मैलांच्या पद्धतीत अंतर दोन शहरांमधले धरले जाते, विमानाने प्रत्यक्ष कापलेले नव्हे. त्यामुळे अरबी समुद्रावरून तीन तासांचा फेरा घालून पोहोचलेल्या प्रवाशाला जादा मैल मिळत नाहीत. इंधनासाठीचा व्हिएन्नाचा थांबा हा तांत्रिक थांबा. तो स्वतंत्र उड्डाण म्हणून धरला जात नाही. इथवर तक्रारीला जागा नाही. वेळ वाया गेला, पण जे विकत घेतले होते ते पदरात पडले. उलट दोन टप्प्यांच्या तिकिटाऐवजी कंपनीने थेट विमानात बसवले, तर प्रवासी लवकर पोहोचतो आणि त्याच्या खात्यातला एक टप्पा व थोडे मैल कमी होतात. सुटकेचा निःश्वास टाकलेला प्रवासी हे सहसा तपासत नाही.

खरी अडचण कंपनी बदलली की सुरू होते. एअर इंडियाने १ सप्टेंबर २०२५ पासून दिल्ली-वॉशिंग्टन ही थेट सेवा थांबवली. विमानांचा तुटवडा आणि बंद असलेली पाकिस्तानी हद्द ही कारणे कंपनीने दिली. प्रवाशांना परतावा किंवा पर्यायी प्रवास देऊ केला गेला. न्यूयॉर्क, नेवार्क, शिकागो वा सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत एअर इंडिया आणि तेथून पुढे अलास्का, युनायटेड किंवा डेल्टा. प्रवाशाच्या दृष्टीने तिन्ही विमाने सारखीच. गुणांच्या दृष्टीने मात्र तीन वेगळी राज्ये. एअर इंडिया जुलै २०१४ पासून ‘स्टार अलायन्स’ या जागतिक गटात आहे. युनायटेड त्याच गटातली, डेल्टा ‘स्कायटीम’मधली, अलास्का ‘वनवर्ल्ड’मधली. शेवटचा टप्पा कोणाच्या विमानात पडला, यावर त्या टप्प्याचे गुण कोणत्या खात्यात जमू शकतात हे अवलंबून राहते. आणि ती निवड पुष्कळदा जागा कुठे शिल्लक आहे यावरून संगणक करतो, प्रवासी करीत नाही.

त्यातही एक मेख आहे. प्रत्येक तिकिटावर भाडेवर्गाचे एक इंग्रजी अक्षर असते. आसन तेच, जेवण तेच, पण त्या अक्षराप्रमाणे गुण पूर्ण, निम्मे किंवा शून्य मिळतात. मार्ग बदलून तिकीट नव्याने निघाले की हे अक्षरही बदलू शकते. कधी ते प्रवाशाच्या लाभाचे ठरते, कारण घाईघाईत पूर्ण भाड्याच्या वर्गात नोंद होते. पण भागीदार कंपनीच्या ज्या वर्गाला गुणच नाहीत, अशा वर्गात नोंद झाली तर पूर्ण पैसे मोजूनही खाते कोरडे राहते.

आता कोल्हापूरकडे वळू. येथे मार्गबदल हा युद्धजन्य परिस्थितीत उद्भवणारा अपवाद नाही, नेहमीचा अनुभव आहे. राजाराम महाराजांच्या काळात १९३९ साली सुरू झालेल्या उजळाईवाडीच्या विमानतळाचा प्रवासी सेवेचा इतिहास खंडित आहे. किंगफिशरने २०११च्या अखेरीस मुंबईची सेवा बंद केली. नंतर कित्येक वर्षे नियमित विमान नव्हते. ‘उडान’ योजनेत एअर डेक्कन २०१८ मध्ये आली, फार टिकली नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अलायन्स एअरने हैदराबाद-बंगळूर जोडले. मुंबईसाठी २०१९ मध्ये ट्रूजेट आली. ती कंपनीच २०२२ मध्ये थंडावली. ऑक्टोबर २०२२ मध्ये स्टार एअरने मुंबईची सेवा सुरू केली. मार्च २०२४ मध्ये नव्या टर्मिनलचे उद्‍घाटन झाले. कंपन्यांची ही ये-जा ज्याने पाहिली आहे, त्याला कोल्हापूरच्या प्रवाशाचे गुण कोणत्याच एका खात्यात का साचत नाहीत, हे वेगळे सांगायला नको.

अलायन्स एअरचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. ती एअर इंडियाची उपकंपनी होती आणि तिची विमाने एअर इंडियाच्या व्यवस्थेतून विकली जात. हैदराबाद किंवा बंगळूरला जाणारे छोटे विमान कागदोपत्री एका मोठ्या जाळ्याचा भाग होते. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटा समूहाकडे गेली, अलायन्स एअर सरकारकडेच राहिली. १५ एप्रिल २०२२ पासून तिची आरक्षणे एअर इंडियापासून वेगळी झाली. विमान तेच, धावपट्टी तीच, तिकीट मात्र वेगळ्या कंपनीचे. पुढच्या मोठ्या प्रवासाशी असलेला कागदी दुवा तुटला.

हा दुवा तुटणे केवळ गुणांपुरते नसते. कोल्हापूर-मुंबई एका कंपनीचे आणि मुंबई-फ्रँकफर्ट दुसऱ्या कंपनीचे अशी दोन स्वतंत्र तिकिटे असली, तर पहिले विमान रद्द झाल्याची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. पावसाळ्यात ढग खाली उतरले, दृश्यमानता घटली, उड्डाण रद्द झाले, की कोल्हापूरकर पुण्याची वाट धरतो किंवा बेळगाव गाठतो. सांब्रा विमानतळ सुमारे सव्वाशे किलोमीटरवर, पुणे त्याच्या जवळजवळ दुप्पट. ज्याची दोन तिकिटे आहेत त्याला पहिल्याचा परतावा मिळतो, गुण अर्थातच मिळत नाहीत, आणि दुसरे विमान चुकले तर सगळेच बुडते. ज्याचे एकच सलग तिकीट आहे त्याची स्थिती बरी. पण तोही सामंजस्याने रस्त्याने मुंबईला गेला, तर न उडालेल्या टप्प्याचे गुण खात्यात दिसत नाहीत. गैरसोय सोसून कंपनीचे काम सोपे करणारा प्रवासी हिशेबात मात्र ‘न आलेला’ ठरतो.

यावर कायदा काय म्हणतो? नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची, उड्डाण रद्द होणे, विलंब व जागा नाकारणे यांविषयीची स्वतंत्र नियमावली आहे. पर्यायी विमान किंवा परतावा, वाट पाहताना जेवण, रात्र काढावी लागल्यास निवास, आणि वेळेवर कळवले नसल्यास उड्डाणाच्या कालावधीनुसार पाच ते दहा हजार रुपयांपर्यंत भरपाई अशी तिची सर्वसाधारण रचना आहे. हवामान, राजकीय अस्थिरता, सुरक्षेचा धोका अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांत रोख भरपाई लागू होत नाही. गुणांना या नियमावलीत स्थान नाही. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली तेव्हाही सरकारने परताव्यांची तातडी केली, भाड्यांवर मर्यादा घातली. कंपनीने फार त्रास झालेल्या प्रवाशांना दहा हजारांची प्रवास-व्हाउचर जाहीर केली. खर्चावर गुण देणाऱ्या योजनेत परतावा म्हणजे खर्चच शून्य, म्हणजे गुणही शून्य. हिशेब तर्काला धरून आहे. पण ज्याने त्या दिवशी दुप्पट भाडे देऊन दुसऱ्या कंपनीचे विमान पकडले, त्याच्या श्रेणीचे वर्ष तेथेच अडखळले.

न्यायालयांकडून फार अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. या योजनांच्या शर्तींत गुण ही कंपनीचीच मालमत्ता असल्याचे आणि नियम बदलण्याचा हक्क तिने राखून ठेवल्याचे सर्रास लिहिलेले असते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१४ साली नॉर्थवेस्ट विरुद्ध जिन्सबर्ग खटल्यात, लेखी शर्तींपलीकडे जाऊन ‘सद्‍हेतूने वागण्याचे’ गर्भित बंधन कंपनीवर लादण्याचा सदस्याचा दावा मान्य केला नव्हता. आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ‘अनुचित करार’ ही संकल्पना आली आहे, तिची तक्रार राज्य आयोगाकडे करावी लागते. सेवेतील त्रुटीची तक्रार मात्र आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. त्यासाठी कोल्हापूरकराने मुंबई वा गुरुग्रामला खेटे घालण्याचे कारण नाही.

वास्तविक या दुखण्यावरचा उपाय विमानव्यवसायाला ठाऊक आहे. मूळ तिकिटाप्रमाणे गुण देण्याची प्रथा जगातील अनेक कंपन्या पाळतात. प्रवाशाने आपण होऊन बदल केला नसेल, कंपनीनेच मार्ग बदलला असेल, तर मूळ मार्ग आणि मूळ भाडेवर्ग धरून गुण जमा करायचे. यात कंपनीचे नुकसान काहीच नाही, कारण पैसे त्या मूळ प्रवासाचेच घेतलेले असतात. मात्र हे आपोआप होत नाही. मागणाऱ्याला मिळते, न मागणाऱ्याला मिळत नाही. आणि मागताना मूळ तिकिटाची प्रत, मार्गबदलाचा संदेश आणि प्रत्यक्ष प्रवासाचे बोर्डिंग पास दाखवावे लागतात. बहुतेक प्रवासी बोर्डिंग पास विमानातल्या आसनाच्या खिशातच सोडून उतरतात. मागणीला मुदतही असते, ती योजनेनुसार काही महिन्यांची. अमेरिकेहून परतलेले आई-वडील सामान लावून, नातेवाइकांकडे जाऊन येईपर्यंत ती सरत आलेली असते.

डीजीसीएला हे एका वाक्यात सोडवता येईल. परतावा आणि पर्यायी विमान यांच्या कलमातच, कंपनीने केलेल्या मार्गबदलात मूळ तिकिटाचे गुण व श्रेणीची नोंद प्रवाशाने न मागता जमा करावी, एवढे लिहायचे. रस्त्याने नेलेला टप्पाही त्यात धरावा, कारण उजळाईवाडी, सांब्रा, नांदेड, जळगाव अशा विमानतळांवरचा मार्गबदल बहुधा रस्त्यानेच होतो. हवामानामुळे रोख भरपाई टाळण्याची मुभा कंपन्यांना असू द्या. ढग कंपनीने आणलेले नसतात. पण सलग तिकिटाचे पूर्ण पैसे घेऊन झालेले असतात, आणि गुण त्या पैशांबरोबरच विकलेले असतात.