मेल्यावरही सुट्टी नाही!

‘झोंबी हे परदेशी खूळ, त्याला आपण काय भ्यायचे?’ असे आमचे एक स्नेही परवा सुपारी कातरीत म्हणाले. मला हे मुळीच मान्य नाही. 2022 साली आदित्य सरपोतदारांचा ‘झोंबिवली’ आला, तो घडतो डोंबिवलीत. त्यात परके ते काय?

आपल्या मुंज्याला पिंपळ असतो, राहून गेलेली एखादी इच्छा असते. त्याच्याशी बोलता तरी येते. झोंबीला इच्छाच नाही! तो मूळचा हैतीचा. उसाच्या मळ्यांत राबलेल्या गुलामांचा तो मुलूख. मरणाने तरी सुटका होईल म्हणावे, तर तेथे प्रेतालाही उठवून कामाला जुंपतात. 1932 च्या ‘व्हाइट झोंबी’त अशी प्रेते उसाचा घाणा फिरवतात. त्यांतला एक घाण्यात पडतो, तरी बाकीचे थांबत नाहीत. याहून भयंकर मी पडद्यावर काही पाहिले नाही.

पुढे 1968 साली जॉर्ज रोमेरोने या प्रेतांना माणसे खायला लावले आणि आमची सोय झाली! गर्दीतल्या माणसाला खुशाल दांडक्याने हाणावे, पाप लागत नाही. गोडी आहे ती हीच, वाचकहो. उगाच कलेचे नाव कशाला घ्या?

पिरंगुटला रात्रपाळी सुटते, त्या वेळी मी शाळेला निघतो. परवा त्यांतला एक जण, माझाच जुना विद्यार्थी, डोळे उघडे ठेवून माझ्या अंगावरून गेला. मला त्याने ओळखलेही नाही. ‘झोंबिवली’ पाहताना टाळ्या पिटणाऱ्यांत मीही होतो.