बंद घरातले पाणी



पावसाळा लागला की पिंपरी-चिंचवडमध्ये आरोग्य कर्मचारी टॉर्च घेऊन घरोघर फिरतात. पाण्याचे पिंप, कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरची टाकी, सगळीकडे अळ्या शोधतात. शंभर घरांमागे किती भांड्यांत अळ्या सापडल्या, यावरून रुग्ण वाढण्याआधीच वस्तीतला धोका ओळखता येतो. मात्र दाराला कुलूप दिसले की त्यांना पुढे जावे लागते. वाकड, मोशी, पिंपळे सौदागरमधल्या त्या कुलपांपैकी काही जर्मनीत राहणाऱ्या आपल्या लोकांची आहेत.

डेंग्यू, चिकुनगुनिया आणि झिका पसरवणारा एडिस इजिप्ती डास मूळचा आफ्रिकेतला. जहाजांवरच्या पाण्याच्या पिंपांतून तो जगभर गेला. तो दिवसा चावतो आणि घरातच, पडद्याआड किंवा पलंगाखाली दडतो. त्यामुळे रस्त्यावरच्या धूरफवारणीने त्याचे फारसे बिघडत नाही. मादी पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या कडेला अंडी घालते. ती महिनोन्‌महिने कोरडी राहूनही टिकतात आणि पाणी लागल्यावर आठ-दहा दिवसांत डास उडू लागतात. म्हणूनच आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायचा आणि भांडी नुसती उपडी न करता घासायची.

शहरात नोव्हेंबर 2019 मध्ये दिवसाआड पाणी सुरू झाले. चाकणजवळच्या खराबवाडी, महाळुंगेच्या भाड्याच्या खोल्यांतही कामगारांना पाणी साठवण्यावाचून गत्यंतर नाही. त्यांना दोष देऊन काय साधणार? नियमित पाणी आणि पिंपाला घट्ट झाकण, हा खरा उपाय. चाकण-भोसरीच्या कारखान्यांनीही आवारातले रिकामे ड्रम आणि जुने टायर छपराखाली घ्यायला हवेत. राज्यातला झिकाचा पहिला रुग्ण 2021 साली पुणे जिल्ह्यातल्याच बेलसर गावात सापडला होता, हे विसरून चालणार नाही.

इथे जर्मनीतही 2007 साली महामार्गालगत एडिस इजिप्तीचा भाऊबंद असलेल्या टायगर डासाची अंडी आढळली. 2012 पासून ‘म्यूकेनअॅटलास’ उपक्रमात नागरिक डास न चिरडता पकडतात, फ्रीजरमध्ये ठेवतात आणि टपालाने शास्त्रज्ञांकडे पाठवतात. डासांवर पाळत ठेवायला सामान्य माणसाचा हातभार किती मोलाचा असतो, हे आपण इथे पाहतोच आहोत.

तेव्हा या सुट्टीत गावी गेलात की परतण्यापूर्वी टाक्या आणि फ्लश रिकामे करा, कमोडवर झाकण आणि नहाणीच्या जाळीवर कापड घाला, कुंड्या कोणाला तरी देऊन टाका. किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे ठेवा आणि तपासणीला दार उघडायला सांगा. आपल्या एका बंद घरामुळे शेजारच्या लेकराला ताप येऊ नये, एवढी काळजी आपण घेतलीच पाहिजे.

आपली,
संपादक